मध्यस्थ

शेताच्या धुर्‍यावरून दोन भाऊ भांडले म्हणजे गांवांतील एखाद्या वडीलधार्‍या माणसास बोलावण्याची आमच्या वाशीम भागांत चाल आहे. निवृत्त मास्तर म्हणून तें काम माझ्याही वांट्यास पुष्कळदां आलें. मध्यस्थ निरिच्छ असावा, असें सर्व म्हणतात. परंतु नुसत्या निरिच्छ माणसाचें कोणी ऐकत नाहीं, असा माझा अनुभव आहे. शब्द फिरविणार्‍यास जाब विचारण्याची धमक ज्याच्या अंगीं असते, त्याचेंच चालतें.

कौटिल्यानें हें ओळखलें होतें. त्याचा ‘मध्यम’ राजा दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या सीमेला लागून असतो. दोघांवरही अनुग्रह करण्यास आणि ते एकजूट नसतां दोघांचाही निग्रह करण्यास तो समर्थ असतो.

आमच्या इतिहासांत असे पुरुष म्हणजे महादजी शिंदे. १७७५ पासून मराठे व इंग्रज यांचें युद्ध चाललें होतें. महादजी स्वतः त्यांत लढले. १७८१ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्यापुरता तह केला आणि मध्यस्थी पत्करली. १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली, राघोबादादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली, आणि तहाच्या पालनास महादजी जामीन राहिले. भडोच मात्र त्यांना मिळालें. वर्गांतील मुलें विचारीत, “मग गुरुजी, हे मध्यस्थ कसले?” मी म्हणें, मध्यस्थाचा स्वार्थ शांततेंत गुंतला असला, तर तोच तिचा पहारेकरी होतो. पुढें सुमारें २० वर्षें इंग्रजांशीं युद्ध झालें नाहीं.

परंतु महादजी १७९४ सालीं वारले, नाना फडणीस १८०० सालीं. १८०२ मध्यें पुण्याजवळ होळकर-शिंद्यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, तेव्हां त्यांना आंवरणारा कोणी उरला नव्हता. दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्याचें फळ आमच्या वर्‍हाडानें भोगलें. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवला भोसल्यांचा पराभव झाला, पाठोपाठ गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख निजामाकडे गेला. या तहांत मध्यस्थ नव्हता. जेत्यानें सांगितलें, पराजितानें मान्य केलें.

१९६५ च्या युद्धानंतर ताश्कंदला सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन मध्यें पडले. आमचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री या नात्यानें तेथें होते. १० जानेवारी १९६६ च्या करारानें फौजा मागें फिरल्या. जिंकलेली हाजी पीर खिंड सोडतांना जवानांना काय वाटलें असेल, तें सांगावयास नको. आणि तीही शांतता पुरतीं सहा वर्षें टिकली नाहीं; १९७१ सालीं पुन्हां युद्ध झालें.

मग मध्यस्थी व्यर्थ म्हणावी काय? मला तसें वाटत नाहीं. मध्यस्थ सख्य देत नाहीं, अवधि देतो. त्या अवधींत जे तरुण रणांत पडत नाहींत, ते शेतें पिकवितात, संसार थाटतात. हें कांहीं थोडें नव्हे. सालबाईनें दिलेला अवधि आमच्या पूर्वजांनीं आपसांतील कलहांत घालविला, हा दोष महादजींच्या मध्यस्थीचा नव्हे. घरांत ज्यांना एकमेकांचें ऐकवत नाहीं, त्यांच्या दारीं बाहेरचा मध्यस्थ किती वेळ उभा राहणार?