गोल पोटाचा मध्यस्थ

काचेचा बाउल घरात येतो तो भांडण मिटवायला. चौथीतल्या चिरंजीवांना कुत्रा हवा असतो. त्याला पहाटे फिरवायला शेवटी कोण जाणार, हे आईला पक्कं ठाऊक असतं. आजीला देवघरात केस चालत नाहीत आणि सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कपाळावर आधीच आठ्या. मग एका रविवारी बाबा मुलाला घेऊन बाजारात जातात आणि येताना हे गोल पोटाचे गृहस्थ घेऊन येतात. सोबत हवा भरून फुगवलेल्या पिशवीत दोन गोल्डफिश, मूठभर निळे खडे आणि एक प्लॅस्टिकचं झाड. कुत्रा टळला, पोरगंही गप्प. तह झाला.

स्वभावाने हा अगदी गरीब वाटतो. भुंकत नाही, सोफा कुरतडत नाही, मे महिन्यात गावाला जाताना शेजाऱ्यांची मनधरणी करायला लावत नाही. टीव्हीशेजारी ठेवा नाहीतर फ्रिजवर, कुरकुर नाही. पाहुणे वाकून बघायला लागले की पोटाच्या गोलाईतून बोटभर मासा चांगला टपोरा करून दाखवतो. दुकानदारानेही शिफारस केलेली असते : ‘चिमूटभर खाणं, आठवड्याला पाणी बदला, बस्स.’

या ‘बस्स’मध्येच सगळी लबाडी आहे. गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या भाऊबंदांपैकी. नीट सांभाळला तर तळहाताएवढा सहज होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. चौथीतलं पोर कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत तो घरात असायला हवा. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी तो पाळायला सुरुवात झाली ती तळ्यांत, पुढे पसरट मातीच्या कुंड्यांत. आमच्या या गृहस्थांच्या पोटात मावतं जेमतेम चार-पाच लिटर पाणी. त्यात तोंड अरुंद. गळ्यापर्यंत भरला की पाण्याला हवा मिळते ती तेवढ्याच भोकातून. मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला की घरातले कौतुकाने म्हणतात, ‘बघ, बोलतोय!’ बहुतेक वेळा त्याला श्वास पुरत नसतो.

त्यात हा मासा खादाड. त्याला जठर असं नसतंच, त्यामुळे खाणं दिसलं की तो उपाशीच. आजोबा सकाळी घालतात, आई दुपारी, मुलगा शाळेतून आल्यावर. उरलेलं कुजतं, माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि पाणी स्वच्छ दिसत असतानाच विषारी होत जातं. मोठ्या टाकीत फिल्टरमध्ये आणि खड्यांवर जिवाणू वाढतात, ते हा अमोनिया पचवतात. ती वसाहत जमायला महिना-दीड महिना लागतो. इथे मात्र दर रविवारी बाबा बाह्या सरसावून खडे साबणाने घासतात, सगळं पाणी ओतून नळाचं क्लोरीनयुक्त पाणी भरतात. स्वच्छतेच्या हौसेपायी जिवाणूही गेले आणि पाठोपाठ मासाही.

आणि मग बाउलच्या आयुष्यातला सर्वांत गुप्त कारभार. मूल झोपलेलं असताना मेलेला मासा बाहेर जातो आणि शाळा सुटायच्या आत तस्साच दुसरा आत येतो. ‘आज जरा बारीक दिसतोय ना?’ असं पोरगं विचारतं, तेव्हा आई-बाबा एकमेकांकडे बघत नाहीत. बाउल सगळं जाणतो, पण ब्र काढत नाही. मुलाला जबाबदारी कळावी म्हणून आणलेल्या प्राण्याबाबत मुलाशीच अशी थाप मारावी, हे मला तरी पटत नाही.

रोम शहराने २००५ सालीच असल्या गोल बाउलमध्ये मासे ठेवायला बंदी घातली. आपल्याकडे तो अजून वाढदिवसाला भेट म्हणून दिला जातो. म्हणजे ज्यांनी मागितला नव्हता त्यांच्याही गळ्यात!

‘मग फायटर मासा ठेवू’, असं कोणी म्हणेल. तो वरची हवा घेऊ शकतो, म्हणून चिवट. पण घाण पाणी त्यालाही बाधतं आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत तो गारठतो.

मासे वाईट नाहीत. दिवसभर बाहेर असणाऱ्या घराला ते खरोखर शोभतात. निरोगी मोठे मासे दोन-चार दिवस खाण्यावाचून आरामात राहतात, हे कुत्र्या-मांजराला जमणारं नाही. पण त्यासाठी फिल्टर लावलेली निदान दोन फुटी टाकी हवी, तिला जागा हवी आणि पाणी थोडं थोडं बदलणारा घरातला एक कायमचा माणूस हवा. सुरुवातीला गप्पी आणा, गोल्डफिशपेक्षा बरे. कंटाळा आला तर तळ्यात, विहिरीत मात्र सोडू नका; दुकानदाराला परत द्या. आणि एवढं जमणार नसेल, तर बाउलमध्ये मनीप्लांट लावा. तेवढं त्याला झेपतं.