लेप

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह वत्सगुल्मात लावून दिला आहे. ते वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशिम. अशा गावी राहून गेला हिवाळा आम्ही एका विमानाच्या पंखाला काचेचे कापड चिकटवण्यात घालवला, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगताना किंचित संकोच वाटतो.

विमान म्हणजे रेडिओवर चालणारे, सव्वादोन मीटर पंखविस्ताराचे ग्लायडर. आमच्या थोरल्या बंधूंनी ते घडवायला घेतले होते. नागपुरास शिकत असताना एन.सी.सी.च्या हवाई शाखेत त्यांना एरोमॉडेलिंगचा नाद लागला, तो पुढे मास्तरकीतही सुटला नाही. थर्माकोलचा गाभा, त्यावर बाल्साच्या पातळ फळ्या, इथवर काम आणून ते गेले. पंखावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच राहिल्या: मापे, बाण, ‘इथे हलके घासणे’, आणि एका टोकाशी ‘तूर २ किलो, गूळ १’.

वऱ्हाडात फायबर म्हटले की कूलर आठवतो. कूलर-टाक्यांच्या कामात सहसा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ते सांध्यातून झिरपले तर आतला थर्माकोल खाऊन टाकते. विमानाला एपॉक्सीच हवे. कापडही निराळे, चौरस मीटरला अवघे २५ ग्रॅम भरणारे. हातात धरले तर श्वासाने उडते. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की घटिका सुरू होते. तापमान दहा अंशांनी वाढले तर हाती असलेला वेळ जवळजवळ निम्मा होतो, म्हणून मे महिन्यात हे काम करू नये. पेल्यातले मिश्रण आपल्याच उष्णतेने धुमसून दगड होते. पावसाळ्यातही नको, दमट हवेत वर चिकट साय धरते आणि ती धुतल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. उरते ती पौष-माघातली दुपार. पंख घासून, धूळ पुसून त्यावर कोरडे कापड अंथरायचे, मध्यभागी रेझिन ओतायचे आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने कडांकडे सारत न्यायचे. मग खरे काम सुरू होते: ओतलेले काढून घेण्याचे. कार्डाने निपटायचे, कागदाने टिपायचे, पुन्हा निपटायचे. कापडाच्या वजनाइतकेच रेझिन मागे राहावे. आमच्या पंखावर दोन्ही बाजू मिळून कापड बावीस ग्रॅम, म्हणजे रेझिनही तेवढेच. त्याहून जास्त राहिलेले बळकटी वाढवीत नाही, नुसते वजन वाढवते. आणि जड ग्लायडर वेगाने उतरते. (वाळल्यावर घासताना तोंडाला फडके आणि हातात मोजे असावेत. काचेची धूळ खाजकुयलीची सख्खी बहीण आहे.)

अलंकार काव्याच्या अंगावर घातलेला की अंगातलाच, हा वाद वर्गात आम्ही अनेक वर्षे शिकवला. ह्या लेपाला अलंकार म्हणणे मात्र आम्हांस जमणार नाही. पंख वाकतो तेव्हा सर्वांत मोठा ताण बाहेरच्या पृष्ठावर येतो. तो कापडाचे तंतू सोसतात आणि रेझिन त्या तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते. नुसती काच ठिसूळ, नुसते रेझिनही ठिसूळच. ही युक्ती आमच्या मुलखाला परकी नाही. अजिंठ्याचे सोळावे लेणे वत्सगुल्माच्या हरिषेण वाकाटकाच्या अमात्याने, वराहदेवाने, पाचव्या शतकात कोरवले. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताची तुसे आणि वनस्पतींचे तंतू आहेत. चित्र पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत. पण ते नसते तर भिंतीवर चित्र टिकलेच नसते.

तर त्या दुपारी कापड भिजले आणि दिसेनासे झाले. रेझिन मुरले की काचेचे हे कापड पारदर्शक होते, हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे की खालची पेन्सिल अधिक काळी दिसू लागेल. बंधूंचे अक्षर नुकतेच लिहिल्यासारखे वर आले. आम्ही कार्ड हातात धरून बसलो, आणि त्या कडेला रेझिन जरा जास्तच राहिले.

रंगाचा प्रश्न तिथे उभा राहिला. एपॉक्सीला ऊन सोसत नाही. उघडे ठेवले तर ते पिवळे पडते, पुढे भुरभुरते. संरक्षक वार्निश लावता येते, पण ते वरचेवर द्यावे लागते. आमचे मत, पंख तसाच ठेवावा आणि भिंतीवर टांगावा. पुतण्याला विमान उडवायचे होते. “काका, लाकडाच्या रंगाचा पंख आभाळात दिसतच नाही. उलटा आहे की सुलटा, कळायचं कसं?” म्हणणे बिनतोड होते. तरी आठ दिवस आम्ही डबा उघडू दिला नाही.

नवव्या दिवशी वहिनी गच्चीवर आल्या. त्यांनी चष्मा लावून पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला. सगळी मापे पुतण्याकडून वहीत उतरवून घेतली. टोकाशी आल्यावर म्हणाल्या, “हे त्यांचं नाही. तूर-गूळ मी लिहिलंय. कागद सापडेना तेव्हा.”

मग म्हणाल्या, “रंगवा भाऊजी. त्यानं उडवू दे.”

नारिंगी रंगाचे दोन पातळ हात दिले. वाळल्यावर पंख काट्यावर ठेवला. रंगाचे एकतीस ग्रॅम भरले.