बंद खाणीतला खजिना

आमच्या भागात खजिना म्हटलं की लोकांना गुप्तधन आठवतं आणि त्यामागोमाग पायाळू माणूस. वर्गात नवा खेळ सुरू केला तेव्हा एका मुलाने पहिल्यांदा पायाळूचंच पात्र मागितलं. मी नकार दिला. गुप्तधनाच्या नादात माणसांचे जीव गेले आहेत. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध २०१३ साली राज्याला कायदा करावा लागला. ही थट्टा मला चालत नाही.

खेळ साधा आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, मी गोष्ट पुढे न्यायची, अडचण आली की लुडोचा फासा टाकायचा. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने असा खेळ बाजारात आला. आम्हाला एक फासा आणि एक वही पुरते. घरात उर्दू बोलणारी मुलं खेळाच्या ओघात न अडखळता मराठी बोलतात, एवढाच माझा स्वार्थ.

यंदाची मोहीम अशी: बंद पडलेली कोळशाची खाण आणि आत महायुद्धात लपवलेला खजिना. मारेगावच्या मुलांना खाण समजावून सांगावी लागत नाही. वणीकडे निघालं की कोळशाचे ट्रक भेटतातच. उर्दूत खाणीला ‘कान’ म्हणतात, यावर मात्र बराच वेळ हसण्यात गेला.

असा खजिना खरंच सापडला होता. एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतल्या मेर्कर्सच्या पोटॅश खाणीत अमेरिकी सैन्याला नाझींच्या मध्यवर्ती बँकेचं सोनं मिळालं, हजारो विटा. सोबत मारलेल्या माणसांकडून लुटलेले दागिने होते, दातांतलं सोनंही होतं. हे सांगितल्यावर हसणारी मुलं गप्प झाली.

मग टोळी खाणीच्या तोंडाशी आली आणि मुलांनी परस्पर ठरवलं की मुली आत येणार नाहीत. “तू बाहर ठैर, कंदील संभाल.” जिला हे सांगितलं ती सहसा बोलत नाही. तिने विचारलं, “टीचर, बायका खाणीत कधीच जात नव्हत्या का?”

जात होत्या. डोक्यावर टोपल्या घेऊन कोळसा वाहत होत्या. १९२९ च्या नियमांनी त्यांचं जमिनीखालचं काम टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं आणि युद्धाआधी ते बंदही झालं. पण युद्धात रेल्वे आणि कारखान्यांना कोळसा कमी पडू लागला, मजूरही मिळेनात, तेव्हा १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातही उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयावर टीका झाली. बाबासाहेबांनी तो युद्धापुरता असल्याचं सांगितलं आणि या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी हे तत्त्वही मांडलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

गरज होती तेव्हा खाण बायकांना चालली, गरज संपली तशी ती त्यांच्यासाठी धोक्याची ठरली. धोका खोटा होता असं नाही; छत कोसळतं, विषारी वायू साचतो. पण तो पुरुषांच्याही वाट्याला होता, आणि १९४३ मध्येही होता. २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी बायकांना पुन्हा खाणीत उतरायची परवानगी मिळाली, त्यांची लेखी संमती असेल तर.

‘लेखी संमती’ हा शब्द तिने दोनदा विचारून घेतला आणि वहीत लिहिला. मग आपलं पात्र बदललं: कोळसा वाहणारी बाई, साल १९४३. मुलांनी कुरकुर केली. ती म्हणाली, “मला आतले रस्ते माहीत आहेत, तुम्हाला नाहीत.” यावर कुणाला काही सुचलं नाही.

आमच्या शाळेत वर्ग आठवीपर्यंतच आहेत. पुढे तिला वणीला पाठवायचं की नाही, यावर तिच्या घरी बोलणं चालू आहे. रस्ता लांब, बस वेळेवर नाही, असं तिचे अब्बा म्हणतात. मी त्यांना दोनदा भेटले आहे. या जुम्म्यानंतर पुन्हा जाणार आहे.