ओलं फडकं आणि पाठीमागचा पंखा

घाट चढून आलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की एक ठरावीक वास यायचा. तापलेलं रबर, ऑइल, थोडं पेट्रोल आणि रेडिएटरमधलं गंजाळलेलं पाणी. खोपोली सोडली की खंडाळ्यापर्यंत रस्ता साधारण ५०० मीटर वर चढतो, आणि त्या काळी तो दुसऱ्या गिअरमध्ये, धूर सोडणाऱ्या ट्रकच्या मागे रांगत चढावा लागे. घाटातल्या शिंग्रोबा देवाला नाणं टाकताना आई हात जोडायची. वडिलांची नजर मात्र टेंपरेचरच्या काट्यावरून हलत नसे. मे महिन्यात तर वळणावळणावर गाड्या बॉनेट वर करून उभ्या. गाडी कुठल्याही कंपनीची असो, मालकाचं काम एकच. रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकायचं आणि लांब उभं राहून वाट बघायची. कारण झाकणाने आतला दाब धरून ठेवलेला असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. घाईने झाकण फिरवलं की त्याच क्षणी उकळी फुटते, आणि ती फिरवणाऱ्याच्या अंगावर.

दोष शोधणं तसं सोपं होतं, सगळं समोरच दिसायचं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन घ्या. पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, आणि त्याला फिरवणारा एक बेल्ट. इंजिन फिरलं की पंखा फिरणारच, गरज असो वा नसो. बेल्ट अंगठ्याने दाबून बघायचा. अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त लोंबत असेल तर ताणायचा. जादा बेल्ट डिकीत असेच. रेडिएटर पाझरत असला तर त्यात हळद टाकणारेही होते, आणि गाव येईपर्यंत ती चालूनही जाई. शेजारी गाडी थांबवलेला अनोळखी माणूस न विचारता वाकून बघायचा आणि ‘बेल्ट गेलाय हो तुमचा’ असं ठणकावून सांगायचा. बहुतेक वेळा त्याचं बरोबरच निघे.

पण खरी डोकेदुखी वेगळीच होती. घाट नीट चढून जायचा, वर चहा-वडा व्हायचा, आणि परत येऊन किल्ली फिरवली की गाडी नुसती कुंथायची. इंजिन बंद केलं की पंखा बंद, पाण्याचं फिरणं बंद, समोरून येणारा वाराही बंद. लोखंडात साठलेली उष्णता मग बॉनेटखाली पसरायची आणि गॅरेजवाले ज्याला एसी पंप म्हणत, त्या पेट्रोलच्या पंपात पेट्रोलचीच वाफ व्हायची. त्यावर इलाज ओल्या फडक्याचा. पंपावर ते गुंडाळायचं, वरून थोडं पाणी सोडायचं, आणि सिगरेट संपेपर्यंत थांबायचं.

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. आडवं इंजिन, त्यामुळे रेडिएटरचा पंखा बेल्टवरून विजेवर गेला आणि हवं तेव्हाच फिरू लागला. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर तर घाट कधी संपला ते मागच्या सीटवर कळेनासं झालं.

आता माझ्या भाच्याकडे एक जुनी घेतलेली स्पोर्ट्स कार आहे, दोनच सीटची, इंजिन पाठीमागे. रविवारी उजाडायच्या आत तो लोणावळ्याला जाऊन येतो. मध्यंतरी डॅशबोर्डवर सूचना झळकली : इंजिन कप्प्याचा पंखा निकामी. मी म्हटलं, पाणी तपास आधी. तो म्हणाला, “मामा, हा रेडिएटरचा पंखा नव्हे.” त्याचं खरं होतं. रेडिएटर पुढे बंपरमध्ये, पाणी लांब नळ्यांमधून मागे जातं, आणि इंजिन सीटच्या पाठीमागे एका पेटीत कोंडलेलं. त्या पेटीतली गरम हवा हलवायला हा वेगळा छोटा पंखा. त्याचं खरं काम गाडी थांबल्यावर सुरू होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप दाबाने पेट्रोल ढकलतो, त्यामुळे वाफेचं भय फारसं उरलं नाही; पण तारांची आवरणं, रबरी होज, सेन्सर, कॉइल यांना तीच उष्णता भाजून काढते. त्या फडक्याचं काम आता मोटार करते, एवढंच.

नाना पेठेतल्या त्याच्या ओळखीच्या वायरमनने शोध घेतला तो बघण्यासारखा होता. फ्यूज शाबूत. रिले काढून शेजारचा तसाच रिले लावला, फरक नाही. उंदराने वायर कुरतडली आहे का तेही पाहिलं. आपल्याकडे तो संशय रास्तच. मग स्कॅनर लावला. रात्रभर उभ्या गाडीत कप्प्याचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं, आणि तसंच दिसत होतं. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. शेवटी मोटारीला बॅटरीवरून डायरेक्ट करंट दिला. ढिम्म. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने मोटारीवर दोन टिचक्या मारल्या. घर्रर्र करून पंखा फिरला. मोटारीतले कार्बन ब्रश अडकले होते. गाडी आठवड्यातून एकदा बाहेर पडते, पावसाळ्यात महिनोन्महिने कव्हराखाली असते. पंखा फिरतोच कधी?

वायरमन म्हणाला, कार्बन घासून बसवून देतो. मला ते पसंत होतं. भाच्याने मात्र बाहेरून आख्खा पंखा मागवला, किंमत ऐकून मी गप्प बसलो. पण कार्बन पुन्हा अडकला तर पेटीत काय काय भाजेल याचा त्याने मांडलेला हिशेब मला खोडता आला नाही.

नवा पंखा चोख चालतो. गाडी लावून भाचा वर गेला की पाच मिनिटांनी वॉचमनचा इंटरकॉम येतो : “साहेब, गाडी बंद करायची राहिली वाटतं.”