स्ट्रँडचें निवांत पाताळस्थानक

लंडनास मुलाकडे राहण्याचा योग आला असतां राजवाडे, मनोरे, संग्रहालयें इत्यादि यथासांग पाहून झालीं. तेव्हां सूनबाईंनीं विचारलें, "आतां काय पाहायचें राहिलें, बाबा?" मीं म्हटलें, "जेथें गाडी येत नाहीं असें एखादें स्थानक." त्या हंसल्या, पण ऑल्डविच स्थानकाचीं तिकिटें काढून आणलीं तीं त्यांनींच. लंडनच्या वाहतूक संग्रहालयाचे लोक ठराविक दिवशीं थोड्या थोड्या मंडळींस तें स्थानक दाखवितात.

टेम्स नदीला समांतर ट्रॅफल्गार चौकाकडून पूर्वेस जो जुना रस्ता जातो, त्याचें नांव स्ट्रँड. या शब्दाचा मूळ अर्थच तीर. पुढें बांध घालून नदी मागें हटविली, तरी नांव राहिलें. या रस्त्याच्या उत्तरेस १९०५ सालीं चंद्रकोरीच्या आकाराचा ऑल्डविच मार्ग काढण्यांत आला. १९३० सालीं उघडलेलें आपलें इंडिया हाउस तेथेंच असल्यामुळें कित्येक मराठी मंडळी या बाजूस येऊन गेलेली असतील. परंतु स्ट्रँडवर एक व सरे स्ट्रीटवर एक अशीं दोन मुखें असलेल्या, गोठलेल्या रक्ताच्या रंगाच्या चकचकीत विटांच्या त्या इमारतीकडे मान वळवून कितीजणांनीं पाहिलें असेल? ही रचना लेस्ली ग्रीन या शिल्पकाराची. लंडनचीं अशीं सुमारें पन्नास भुयारी स्थानकें त्यानें थोड्याच वर्षांत आंखलीं आणि १९०८ सालीं अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं तो वारला.

स्थानकाचा जन्मच मुळीं उरल्यासुरल्यांतून झाला. उत्तरेकडून स्ट्रँडपर्यंत येणारा एक रेल्वेमार्ग योजिलेला होता व पिकॅडिलीकडील दुसरा. अमेरिकेंतून आलेल्या यर्किस नामक धनिकाच्या हातीं दोन्ही योजना येऊन त्यांचा एक मार्ग झाला. त्या जोडकामांत स्ट्रँडकडील शेवटचा तुकडा अधांतरीं राहिला, तो होबर्नपासूनचा एक लहानसा फांटा म्हणून पुरा करण्यांत आला. रॉयल स्ट्रँड नांवाचें नाटकगृह पाडून त्या जागीं ३० नोव्हेंबर १९०७ रोजीं स्थानक उघडलें. (तेथें एका नटीचें भूत वावरतें, अशी वदंता आहे. भुतें तरी कोठें जाणार बिचारीं!) पहिलें नांव स्ट्रँड. जवळच्या दुसऱ्या स्थानकास तें देण्यांत आल्यामुळें १९१५ सालीं याचें ऑल्डविच झालें. दर्शनी भिंतीवर मात्र 'स्ट्रँड' हीं अक्षरें अद्याप आहेत.

खालीं जाण्यास एकशें साठ पायऱ्यांचा चक्राकार जिना आहे. लिफ्टांकरितां तीन विहिरी खणल्या, प्रत्येकींत दोन लिफ्टा मावतील एवढ्या. प्रत्यक्षांत एकाच विहिरींत दोन बसल्या. गर्दी होईल म्हणून आंखलेल्या वाटांपैकीं कांहींना लाद्या लावण्याचीही तसदी कोणीं घेतली नाहीं. तेथें लोखंडी कडीं उघडींच दिसतात. लग्नघरीं पांचशें पानें मांडावीं आणि पन्नास माणसें यावीं, तसें तें दृश्य. फलाट दोन, पैकीं पूर्वेकडील १९१४ सालींच बंद पडला. १९१७ पासून रविवारच्या गाड्याही थांबल्या.

परंतु ज्या रिकामेपणामुळें हें स्थानक निरुपयोगी ठरलें, तोच रिकामेपणा दोन महायुद्धांत कामास आला. पहिल्या युद्धांत जर्मन विमानें येऊं लागलीं तेव्हां राष्ट्रीय चित्रशाळेंतील सुमारें तीनशें चित्रें त्या बंद फलाटावर आणून ठेविलीं. दुसऱ्या युद्धांत ब्रिटिश म्यूझियममधील पार्थेनॉनचीं प्रसिद्ध शिल्पें येथील बोगद्यांत विसावलीं. ग्रीक लोक तीं आजही परत मागतात. त्या वादांत मी शिरत नाहीं. माणसांची गोष्ट अधिक लागण्यासारखी आहे. १९४० सालीं बाँबवर्षाव सुरू झाला, तेव्हां भुयारी स्थानकांत आसरा द्यावा हें सरकारास प्रथम मान्य नव्हतें. लोकांनीं दीड पेनीचें तिकीट काढावें, खालीं जावें आणि वर येण्यास नकार द्यावा, असें चालूं झालें. अखेर सरकार नमलें. सप्टेंबरांत ऑल्डविचचा फांटा बंद करून तो निर्वासाकरितां मोकळा केला. विजेचा प्रवाह तोडून फलाटावर व रुळांमध्येंही अंथरुणें पसरलीं. मुलेंबाळें, म्हाताऱ्याकोताऱ्या तेथें रात्री काढीत; जीव रमावा म्हणून गाण्याचे कार्यक्रमही होत. खोल गेलें म्हणजे निर्भय, असेंही नव्हतें. त्याच वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं बॅलहम स्थानकांत बाँब पडून साठांहून अधिक माणसें दगावलीं. हें सर्वांना ठाऊक असूनही दुसऱ्या संध्याकाळीं वळकट्या घेऊन ते खालीं उतरलेच असतील. घरांत नातवंडें असलेल्या माणसाला त्याचें कारण सांगावें लागत नाहीं.

१९४६ सालीं गाडी पुन्हां सुरू झाली. हाच फांटा पुढें वॉटर्लूपर्यंत नेण्यास १९६५ सालीं पार्लमेंटची मंजुरी मिळाली, पैसा मात्र मिळाला नाहीं. अखेरीअखेरीस दिवसाकाठीं साडेचारशें उतारू आणि जुन्या लिफ्टा बदलण्याचा खर्च तीस लक्ष पौंड! ३० सप्टेंबर १९९४ रोजीं शेवटची गाडी गेली. व्यवहार म्हणून हा निर्णय मला चुकीचा वाटत नाहीं. २०११ पासून ही इमारत संरक्षित वास्तूंच्या यादींत आहे, आणि चित्रपटवाल्यांना तयार स्थानक आयतें मिळतें. 'अटोनमेंट' या चित्रपटांत बॅलहम म्हणून दाखविलेलें स्थानक हेंच.

आम्ही खालीं पोहोंचलों, तों फलाटाशीं एक जुनी गाडी उभी. "ही पाहा, बाबा, आली गाडी तुमची," सूनबाई म्हणाल्या. माहिती सांगणारी बाई बोलायची थांबली, तेव्हां दूरवरून दुसऱ्या मार्गावरील गाडीची घरघर भिंतींतून ऐकूं आली, आणि पुन्हां सामसूम झाली. कोणा आईनें पोर थोपटून निजविलें असेल ती जागा यांपैकीं कोणती, हें मी उगाच शोधीत राहिलों. मग वर चढलों. एकशें साठ पायऱ्यांत मला तीन वेळां बसावें लागलें.