कुत्र्याशिवाय शिकार

माझा भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात नोकरी करतो. वॉशिंग्टन म्हटलं की आपल्याला राष्ट्राध्यक्षांचं शहर आठवतं. हे ते नव्हे. हे राज्य देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या बाजूला, वर कॅनडाला लागून आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका सकाळी मी शाळेला निघत होतो आणि त्याचा फोन आला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. एरवी सलाम झाला की हा पोरगा आधी नानीची तब्येत विचारतो. त्या दिवशी म्हणाला, "मामू, एक बात पूछूँ? गुनाह किसका होता? गोली मारनेवाले का, के साथ बैठनेवाले का भी?"

मी हातातला डबा खाली ठेवला.

त्याच्याबरोबर काम करणारा एक तिथलाच माणूस शिकारी आहे. बापजाद्यांपासून शिकार करणारं घर. त्याने भाच्याला विचारलं, डोंगरी सिंहाच्या शिकारीला येतोस का? हा बंदुकीशिवाय, नुसता सोबतीला जाणार होता. जाण्याआधी त्याने मला फोन केला होता. लोक तिकडे त्याचं मांसही खातात, आपल्याला चालतं का, असं विचारत होता. मी सांगितलं, सुळ्यांनी फाडून खाणारं जनावर आपल्यात हलाल नाही, आणि खायचं नसेल तर निव्वळ मजेसाठी जीव घेणंही आपल्या दीनला मंजूर नाही. तो म्हणाला, "मैं तो सिर्फ देखने जा रहा हूँ मामू."

हा डोंगरी सिंह म्हणजे सिंह नव्हेच. कूगर, प्यूमा ही त्याचीच नावं. आयाळ नाही, ठिपके नाहीत, अंग एकरंगी पिवळट-तपकिरी. तो डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा घुरघुरतो. कॅनडापासून खाली चिलीपर्यंत तो पसरलेला आहे. मुख्य खाणं हरीण. खाऊन उरलेलं हरीण पालापाचोळ्याखाली झाकतो आणि पुन्हा पुन्हा येऊन खातो. एकटा राहतो, माणसाला दिसत नाही. सवयींनी आपल्या बिबट्याचा भाऊच म्हणा.

त्याच्या शिकारीची जुनी रीत कुत्र्यांची. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याच्या काही महिने आधी, 1901 च्या हिवाळ्यात, कोलोरॅडोत अशाच कुत्र्यांमागे हिंडले होते. ताजा माग सापडला की कुत्री सोडायची. ती वासावर धावतात. एवढं ताकदवान जनावर, पण भुंकणाऱ्या कुत्र्यांपुढे बहुधा लढत नाही, झाडावर चढून बसतं. मग माणूस खाली येऊन उभा राहतो आणि गोळी घालतो.

शहरातल्या लोकांना हे क्रूर वाटलं. झाडावर अडकलेल्या जनावराला खालून मारण्यात कसली मर्दुमकी? 1994 मध्ये ओरेगॉन राज्यात आणि 1996 मध्ये वॉशिंग्टनमध्ये लोकांनी मतदान करून कुत्र्यांची ही शिकार बंद केली. कॅलिफोर्नियाने तर 1990 मध्येच हौसेची शिकार पूर्ण थांबवली होती. पण ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्ये शिकार बंद झाली नाही, फक्त कुत्री गेली. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मीही म्हणालो, बरं केलं. माणूस एकटा, जनावर एकटं, हिशेब बरोबरीचा.

मग कुत्र्याशिवाय ही शिकार होते कशी? बरेचसे कूगर हरणाच्या शिकारीला गेलेल्या माणसाला अवचित दिसतात आणि मारले जातात. कोणी बर्फात ताजा माग धरून चालत राहतो. गोल पंजा, नखांचा ठसा नाही, ही त्याची खूण. आणि तिसरी रीत बोलावण्याची. पाडसाच्या किंवा सशाच्या किंकाळीचा आवाज काढणारं यंत्र समोर ठेवायचं, झाडाला किंवा खडकाला पाठ टेकून बसायचं आणि हलायचं नाही. कूगर घाई करत नाही. तास तास लागतो. आला तरी पावलांचा आवाज नाही. आणि पाठ टेकायची ती यासाठी, की ज्याला आपण बोलावतोय तो मागूनही येऊ शकतो.

ही दोघं स्पोकेन शहराच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या डोंगरात असे बसले होते. भाचा म्हणाला, तो आवाज ऐकवत नव्हता, लहान मूल रडल्यासारखा होता. पाऊण तासाने झुडपांमध्ये काहीतरी पिवळट हललं. त्याला वाटलं वाळलेलं गवत असेल. तेवढ्यात गोळी सुटली. आधी ते दिसलं आणि मग गोळी सुटली, यात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला नाही.

जवळ गेले तर मादी होती. मित्राने तिला उलटवलं आणि तो गप्प झाला. तिला दूध होतं.

"मामू, वो माँ थी," भाचा म्हणाला, आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

ठिपकेवाली पिल्लं बरोबर असलेली मादी मारायला तिथे कायद्याने बंदी आहे. पण पिल्लं बरोबर नव्हती. आई त्यांना लपवून ठेवते आणि एकटी हिंडते. या जनावराची वीण वर्षाच्या कुठल्याही महिन्यात होते, म्हणजे सुरक्षित असा महिनाच नाही. कायदा मोडला नव्हता. मित्र वाईट माणूस नव्हता. दोघांनी बर्फातला तिचा माग उलटा धरला आणि अंधार पडेपर्यंत चालले. रात्री नवा बर्फ पडला आणि माग पुसला गेला. मित्राने स्वतःच वन्यजीव खात्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी खात्याचा माणूस आला, आणि येताना शिकारी कुत्री घेऊन आला. सरकारी कामासाठी ती अजून चालतात. दुपारी एका पडलेल्या झाडाच्या पोकळीत एक पिल्लू सापडलं, जिवंत. आणखी होती का, हे कोणाला सांगता आलं नाही.

ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. मग मी याविषयी वाचत गेलो, आणि माझं 'बरं केलं' हे मत हळूहळू ढासळत गेलं. कुत्र्यांनी झाडावर चढवलेलं जनावर तिथेच बसून असतं. खाली उभ्या माणसाला वेळ मिळतो. नर आहे की मादी, तरुण की म्हातारी, दूध पाजते आहे का, हे नीट बघून ठरवता येतं. तिथले कित्येक कुत्रेवाले नुसता फोटो काढून परत येतात. कुत्री गेल्यावर हा वेळ गेला. शिवाय कुत्र्याशिवाय शिकार साधत नाही म्हणून सरकारने परवाने स्वस्त केले, हंगाम लांबवला. पूर्वी जिथे मोजके शिकारी होते तिथे परवाना खिशात ठेवून हिंडणारे हजारो झाले. मरणाऱ्या जनावरांची संख्या कमी झाली नाहीच, उलट त्यांत माद्यांचं आणि कमी वयाच्यांचं प्रमाण वाढलं. ज्यांनी दयेपोटी मत दिलं, त्यांच्या मनातही हे नव्हतं.

मी कुत्र्यांची वकिली करत नाही. त्या पाठलागात जनावर दमून अर्धमेलं होतं, कधी कुत्री पिल्लांना फाडतात, कधी कुत्रीच मरतात. आता तर कुत्र्यांच्या गळ्यात उपग्रहाचा पट्टा असतो, शिकारी गाडीत बसून त्यांची जागा पाहतो. त्यात बरोबरी कुठली? मला एवढंच म्हणायचं आहे, की डोळ्यांना खुपणारी गोष्ट दूर केली म्हणजे रहम झाला, असं नसतं.

लहानपणी मकतबमध्ये मला एक कोडं पडलं होतं. कुत्रा घरात नको, त्याची लाळ नापाक, असं घरी शिकवलेलं. आणि सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराने धरून आणलेलं हलाल म्हटलेलं. आमच्या मौलवीसाहेबांनी समजावलं होतं, शिकवलेला कुत्रा तो, जो शिकार स्वतः खात नाही, मालकासाठी धरून ठेवतो. पुढे उर्दू शिकवायला लागलो तेव्हा लक्षात आलं, त्या आयतीत 'शिकवणं' यासाठी जो शब्द आहे, त्याच धातूतून आमचा 'मुअल्लिम' आला, म्हणजे शिक्षक. तालीम म्हणजे काय? भूक असताना थांबता येणं. कुत्र्यालाही ती जमते. बंदूक हातात असलेल्या माणसाला दोन सेकंदांत ती जमेलच असं नाही.

आता माझं सांगतो. भाच्याच्या प्रश्नाने डबा हातातून सुटला तो उगाच नाही.

आमच्या भागात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. इथे गोष्ट उलटी. तिथे कुत्र्याला बघून कूगर झाडावर चढतो, इथे बिबट्या कुत्र्यालाच उचलतो. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात अभ्यास केला, तेव्हा बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वस्तीवरच्या शेळ्या गेल्या आणि मग ओट्यावर बसलेल्या एका पोरावर झडप पडली. पोरगा माझ्या शाळेतला, तिसरीतला. वाचला, पण पाठीवर टाके पडले. गाव पेटलं. अर्ज-निवेदनं लिहायचं काम गावात माझ्याकडे येतं, कारण "सरांचं मराठी चांगलं". मीच लिहिलं, "सदर बिबट्याचा तात्काळ बंदोबस्त करण्यात यावा." खाली पहिली सही माझी.

सदर बिबट्या. पुढे किती वेळा तो शब्द मला आठवला. सदर म्हणजे कोणता? कोणी पाहिला होता? अंधारात एक सावली, एवढंच पोराने सांगितलं होतं. पिंजरा लागला, तिसऱ्या रात्री एक बिबट्या अडकला. बघायला जत्रा जमली, मीही गेलो. मादी होती. तिला नेलं आणि गाव शांत झोपलं. दोन दिवसांनी शेजारच्या शेतात ऊसतोड करणाऱ्या बायकांना दोन पिल्लं सापडली, डोळे नुकते उघडलेली. त्यांना उचलून आईकडे नेलं असं नंतर कळलं. आणि शेळ्या? पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या.

यामागचं कारण मी भाच्याच्या फोननंतर वाचलं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट विल्गस यांच्या गटाने 2013 मध्ये मांडलं, की जिथे कूगर जास्त मारले, तिथे पुढच्या वर्षी तक्रारी आणि जनावरांवरचे हल्ले वाढले. जुना नर आपल्या हद्दीत इतरांना येऊ देत नाही. तो गेला की बाहेरचे तरुण नर घुसतात, त्यांना ना जागा माहीत ना रीत. आपल्याकडे जुन्नर भागात 2001 नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, हे अत्रेय यांनी दाखवून दिलंच होतं. सरांचं मराठी चांगलं होतं, पण सरांनी हे वाचलेलं नव्हतं.

ज्याच्या पोराच्या पाठीवर टाके पडले त्या बापाला मी दयेचं प्रवचन देऊ शकत नाही. त्याची भीती खरी आहे, आणि रात्री उसाच्या कडेने चालताना माझीही. पण मी तर बाप नव्हतो. मी लिहिणारा होतो. माझ्याकडे बघायला, विचारायला वेळ होता.

भाच्याला त्या सकाळी मी काय उत्तर दिलं? फतवा देणारा मी कोण? त्याला उसातल्या त्या पिल्लांची गोष्ट सांगितली. आधी कधी कोणाला सांगितली नव्हती. म्हणालो, बेटा, अल्लाह नियत बघतो यावर माझा ईमान आहे. पण नियत चांगली आहे म्हणून नजर माफ होत नाही. जीव घ्यायचा, घर हलवायचं, सही करायची, तर आधी बघायचं. बघता येत नसेल तर थांबायचं. तो म्हणाला, "मैंने भी देखा नहीं मामू. मैं तो देखने ही गया था."

त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोहोचलो.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा निवेदन लिहायला माणसं आली. लिहून दिलं. पण यावेळी आधी जागेवर गेलो, ठसे बघितले, ज्याने पाहिलं त्याला विचारलं. मग लिहिलं, की चिकनच्या दुकानांची घाण वस्तीजवळ टाकणं बंद व्हावं, कारण तिथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शाळेच्या वाटेवर दिवे लागावेत. शेळ्यांच्या गोठ्याला जाळी मिळावी. पिंजऱ्याचा निर्णय माहितगारांनी पाहणी करून घ्यावा. कोणीतरी म्हणालं, सर, लई लांब झालं, बंदोबस्त करा म्हणून एका ओळीत लिहायचं की.

'सदर' हा शब्द त्यात कुठेही नव्हता. सही केली.