लोकांना कळेल का?

जाहिरातीतल्या विनोदाचं श्रेय आपण कॉपीरायटरला देतो. इतकी वर्षं ओळी लिहून माझं मत असं झालंय की त्यातलं निम्मं श्रेय मंजुरी देणाऱ्याचं असतं.

१९६६ साली अमूल लोण्याच्या जाहिरातींचं काम मुंबईत सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्याकडे आलं. युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी काढली. होर्डिंगं तेव्हा हातानं रंगवत, म्हणून चित्र सोपं हवं होतं. पण ही मोहीम इतकी दशकं टिकली ती अमूलचे प्रमुख व्हर्गीस कुरियन यांच्या एका निर्णयामुळे, असं मला वाटतं. प्रत्येक होर्डिंग आधी मंजुरीसाठी दाखवायची अट त्यांनी ठेवली नाही. ताज्या बातमीवरचा विनोद दुधासारखाच नाशिवंत. चार टेबलांवरून फिरून येईपर्यंत तो फाटतो. १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीवर होर्डिंग लागलं: परिचारिकेच्या वेशातली मुलगी, ट्रेमध्ये लोणी, आणि निर्जंतुकीकरण आमच्याकडे पहिल्यापासून सक्तीचंच, अशा अर्थाची ओळ. त्या काळात ही ओळ कुठल्या मीटिंगमधून सुटली असती? आणि गंमत म्हणजे लोण्याची स्वच्छताही त्यात आपोआप सांगून झाली.

मीटिंगमध्ये विनोदाचा घात करणारा प्रश्न ठरलेला असतो: ‘लोकांना कळेल का?’ विचारणाऱ्याला स्वतःला कळलेलं असतं, शंका फक्त लोकांबद्दल. मग खुलासा करणारं एक वाक्य चिकटवलं जातं आणि हसू तिथंच संपतं. हे लोक कोण? तमाशात सोंगाड्यानं सरपंचाला मारलेला टोमणा त्याच क्षणी पकडून शिट्टी मारणारे. त्यांना समजावून सांगायची गरज मला कधीच पटलेली नाही.

ओगिल्वी या जाहिरात संस्थेत पियूष पांडे यांच्या काळात झालेली फेविकॉलची बस आठवा. दिग्दर्शन प्रसून पांडे यांचं. खडबडीत रस्त्यावरून हेलकावत जाणारी बस, टपावर आणि दोन्ही बाजूंना लटकलेली माणसं, पण पडत कुणीच नाही. संवाद एकही नाही. शेवटी बसच्या मागची फेविकॉलची पाटी दिसते आणि कोडं प्रेक्षक स्वतः सोडवतो. सोडवल्याचा आनंदही त्याचाच, म्हणून ती जाहिरात तो दुसऱ्याला सांगत सुटतो.

त्या बसमधली माणसं गावाकडची आहेत, तरी हसू त्यांच्यावर नाही. आमच्या धंद्यानं सावळ्या मुली, जाडी माणसं, खेडवळ नोकर यांच्या जिवावर पुष्कळ हशे मिळवले. तसल्या ओळी अजूनही माझ्या टेबलावर येतात आणि मी त्या परत पाठवते. फेविकॉल वापरणारा सुतार ती बस बघून खुशीत हसतो, कारण मोठेपणा त्याच्या सांध्याचा आहे. वस्तू वापरणाऱ्याला समोर बसवून वाचून दाखवता येईल, तीच ओळ मी क्लायंटपुढे नेते. आणि तिच्यातला एकही शब्द वाढवू नका, म्हणून भांडते.